हलके काम कोणी ठरविले?

जुन्या अंकगणिताच्या पुस्तकांत काळ, काम आणि मजूर यांची उदाहरणे असत. त्यांचा साचा ठरलेला असे. जे काम ३ पुरुष किंवा ५ बायका १० दिवसांत करितात, तेच काम २ पुरुष व ५ बायका मिळून किती दिवसांत करितील? आम्ही पेशाने शाळामास्तर. अशी उदाहरणे आम्ही स्वतः सोडविली आणि पुढे मुलांकडूनही फळ्यावर सोडवून घेतली. ६ दिवस असे उत्तर आले की बरोबरची खूण करावयाची आणि पुढल्या उदाहरणाकडे वळावयाचे. गेल्या पावसाळ्यात, ऐन खुरपणीच्या दिवसांत, एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, पण काम कोणते?" आम्ही म्हणालो, "कोणतेही समज." त्यावर ती म्हणाली, "खुरपणी असेल तर माझी आई दोन गड्यांना मागे टाकते." वर्ग हसला. आम्हांस हसू आले नाही, कारण पोरीचे म्हणणे खरे होते.

त्या उदाहरणात काम कोणते ते सांगितलेलेच नाही. बाईचे मोल मात्र आधीच ठरवून टाकलेले आहे. आमच्या गावांची रीतही नेमकी हीच आहे. बाई कोणते काम करिते, किती करिते, कसे करिते हे कोणी पाहत नाही. ती बाई आहे एवढे पाहतात आणि रोज ठरवितात. या रीतीचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो. शेटसावकारांविरुद्ध लिहिणे सोपे असते. आजचा लेख आपल्याच घरातील गोष्टीवर आहे, म्हणून तो जरा धीराने वाचावा.

शेतकरी बंधूंनो, कामाची यादी करून पाहा. नांगरट, पेरणी, फवारणी, ट्रॅक्टर, पाणी धरणे, पोती उचलणे ही गड्याची कामे. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी, कांद्याची लागण व काटणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे ही बाईची कामे. ही यादी कोणी कागदावर लिहिली नाही, तरी ती साऱ्यांस पाठ आहे. समजा गड्याचा रोज ५०० रुपये आणि बाईचा ३००. मधले २०० रुपये कशाबद्दल कापले, असे विचारले तर उत्तर तयार असते: "बाईचे काम हलके असते."

हे हलकेपण कोणत्या तराजूत तोलले? सकाळपासून दिवस कलेपर्यंत कंबरेत वाकून अथवा उकिडवे बसून खुरपे चालविणे हलके? भातलावणीत पोटरीएवढ्या चिखलात, पाठीवर पाऊस घेत दिवसभर ओणवे राहणे हलके? कापसाच्या बोंडांनी बोटे फाटतात, ती बोटे हलक्या कामाने फाटतात काय? ट्रॅक्टरवर बसून करावयाचे काम जड आणि जमिनीशी वाकून करावयाचे काम हलके, हा हिशेब आम्हांस तरी उलगडत नाही. आता कोणी म्हणेल, जड म्हणजे कसबाचे. तेही पाहू. पिकाच्या रोपाला धक्का न लावता त्याच्या बुडाशी वाढलेले तण मुळासकट काढणे, कांद्याचे रोप नेमक्या अंतरावर व नेमक्या खोलीवर लावणे, यास कसब लागत नाही असे ज्यास वाटते त्याने एक दिवस वाफ्यात बसून पाहावे. ज्याचे रोप बसले नाही त्याचा हंगाम गेला, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणजे बाईच्या हाताचे कसब आपणांस ठाऊक आहे. त्याचे दाम द्यावयाचे तेवढे आपण विसरतो.

कारागिरांच्या घरीही वेगळे नाही. विणकराच्या घरी माग चालवितो पुरुष. सूत उकलणे, ताणा लावण्यास हात देणे, कांड्या भरणे हे बायको व मुली करितात. कांडी भरली नाही तर माग जागचा हलणार नाही. पण लुगडे पुरे झाले की मजुरी मिळते ती मागाची. कांडीची मजुरी वेगळी कोण मोजतो? कुंभाराच्या घरी माती आणणे, चाळणे, तुडविणे, भांडी वाळविणे, रंगविणे आणि बाजारात बसून विकणे यांत बाईचे निम्मे आयुष्य जाते. पण अनेक ठिकाणी चाकाला तिने हात लावू नये अशी रूढी होती. मग कुंभार कोण? ज्याचे चाक तो. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही.

आता कोणी सुशिक्षित वाचक म्हणतील, यास कायदा आहे ना! आहे, आणि एक नव्हे, अनेक आहेत. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान वेतन मिळावे असे राज्याचे धोरण सांगितले आहे. समान मोलाच्या कामास समान वेतन असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५१ चा करार आहे, तो आपल्या देशाने १९५८ मध्ये मान्य केला. १९७६ मध्ये समान वेतनाचा स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेत तेच तत्त्व पुन्हा घालण्यात आले. मग इतकी वर्षे कायदा असून खुरपणीचा रोज नांगरटीच्या बरोबरीला का आला नाही?

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या लेखाचे मर्म तेथे आहे. कायदा म्हणतो, काम एकच किंवा एकसारखे असेल तर मजुरी सारखी द्या. चतुर मालक काय करितो? तो काम एकसारखे राहूच देत नाही. बाईला एका रांगेत बसवितो, पुरुषाला दुसऱ्या. एकीचे नाव खुरपणी, दुसरीचे नाव फवारणी. मग तो हात वर करून म्हणतो, "मी बाई म्हणून कमी देत नाही, काम वेगळे म्हणून कमी देतो." आधी कामाची वाटणी करावयाची आणि मग त्या वाटणीच्या आड मजुरी कापावयाची, असा हा दुहेरी डाव आहे. शेजारी शेजारी एकच काम करणारे दोघे असतील तर अन्याय आंधळ्यालाही दिसतो. दोघांमध्ये भिंत घातली की तो डोळसालाही दिसत नाही.

ही केवळ खेड्याची गोष्ट आहे असे समजू नका. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी ही मोठी कंपनी होती. तेथे लघुलेखनाचे काम बायकाही करीत व पुरुषही करीत. पण बायकांच्या जागांस वेगळे नाव देऊन त्यांचा वर्ग निराळा ठेवला होता आणि पगार कमी होता. एका बाईने दाद मागितली व ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचा बचाव असा की, या बायकांच्या जागांवर एकही पुरुष नाही, तेव्हा भेदभाव झाला हे कोणाशी ताडून पाहावयाचे? १९८७ मध्ये न्यायालयाने हा बचाव झिडकारला. त्या जागांवर फक्त बायका आहेत त्या कंपनीने नेमल्या म्हणून आहेत; काम मुळात एकच आहे, आणि पगार देण्याची ऐपत नाही ही सबबही या कायद्यापुढे चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. ही बाई शिकलेली होती, शहरात होती, म्हणून दहा वर्षे झगडू शकली. आमची खुरपणीवाली कोणत्या न्यायालयात जाणार?

परदेशातही हाच डाव खेळला गेला. विलायतेत लंडनजवळ डॅगनहॅम येथे फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. मोटारीच्या बैठकींची कव्हरे शिवण्याच्या खात्यात बायका होत्या. कंपनीने प्रतवारी लावताना त्यांचे काम खालच्या प्रतीचे, म्हणजे कमी कसबाचे ठरविले. आणि त्या प्रतीच्या पुरुषांस जे मिळे त्याच्या ८५ टक्केच त्यांस देऊ केले. १९६८ च्या जून महिन्यात या बायकांनी संप केला. शिलाई थांबताच बैठकी थांबल्या आणि बैठकींवाचून मोटारी अडून राहिल्या. तेव्हा कुठे साऱ्यांस समजले की हे काम किती कमी कसबाचे होते! संपानंतर मजुरी वाढली आणि १९७० मध्ये तेथे समान वेतनाचा कायदा झाला. पण लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढेच आहे. त्यांचे काम कसबाचे आहे ही मूळ मागणी मान्य व्हावयास १९८४ साल उजाडले, तेही पुन्हा संप केल्यावर. मजुरीचे चार पैसे वाढविणे मालकास सोपे गेले; बाईच्या कामास कसबाचे काम म्हणणे त्यास १६ वर्षे जड गेले.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांची कहाणी तर आपल्याच लोकांची आहे. कोकणातून व घाटावरून गेलेल्या आपल्या आज्या-पणज्या तेथे राबल्या. १९२० ते १९३० च्या सुमारास गिरण्यांत सुमारे पाचातील एक कामगार बाई होती. पण ती कोठे होती? सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत. साच्यांवर, म्हणजे विणाईखात्यात, जेथे मजुरी चांगली, तेथे पुरुष. पुढे सूत गुंडाळण्याची वेगवान यंत्रे आली आणि बायकांची खाती आटू लागली. रात्रपाळीत बायकांस लावू नये असा कायदा होताच. तो त्यांच्या रक्षणासाठी केला होता, परंतु दोन-तीन पाळ्यांची गिरणी चालविणाऱ्या मालकास बाईऐवजी पुरुष घेण्यास तेही एक निमित्त झाले. गिरण्यांच्या अखेरच्या काळात बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. ज्यांना एकाच कोपऱ्यात बसविलेले असते, त्यांचा कोपरा गेला की त्यांची भाकरी जाते. पुरुषाचे एक खाते बंद झाले तर तो दुसऱ्या खात्यात गेला. बाईला दुसरे खाते उघडेच नव्हते.

हेच आज आपल्या शेतात घडत आहे, फक्त गिरणीचा भोंगा वाजत नाही म्हणून ते कळत नाही. तणनाशक आले. जे तण दहा बायका दिवसभर खुरपत, ते एक गडी पंप पाठीवर घेऊन काही तासांत जाळतो. तणनाशकाचे बरेवाईट हा विषय निराळा. आमचा प्रश्न एवढाच की, खुरपे बाईच्या हातात होते तर त्याच्या जागी आलेला पंप गड्याच्याच पाठीवर का गेला? जुने अवजार जोवर कष्टाचे होते तोवर ते बाईचे; नवे अवजार आले, त्याबरोबर चढा रोज आला, की ते पुरुषाचे. आणि ज्या थोड्या कामांत बायका उरतात तेथे साऱ्याजणींची गर्दी होते. दहा जागांसाठी तीस बायका उभ्या असल्या तर रोज चढणार कसा? बाई स्वस्त आहे म्हणून तिला कमी मिळते असे लोक म्हणतात; खरे पाहता तिच्यापुढे दोनच दारे उघडी ठेविली म्हणून ती स्वस्त झाली.

ऊसतोडीचा हिशेब त्याहून न्यारा. तेथे एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. मजुरी टनावर. उचल घेताना मुकादमापुढे पुरुष बसतो, हिशेब होताना पुरुष बसतो. बाईची मजुरी कमी नाही, कारण तिची मजुरी अशी वेगळी नाहीच! जोडीतला एकटा माणूस असेल तर त्यास 'अर्धा कोयता' म्हणतात. ज्या बाईचा नवरा वारला तिचे काय होते ते मराठवाड्यातील वाचकांस आम्ही सांगावयास नको. कामावर खाडा झाला तर दंड, म्हणून दुखणे अंगावर काढावयाचे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात निघाला व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जिच्या अंगावर एवढे ओझे, तिचे नाव हिशेबाच्या वहीत नसावे यापरता अन्याय कोणता?

आता आमच्या स्वतःच्या शाळेचे एक उदाहरण देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असोत की बाई, वेतनश्रेणी एकच. दोघे एकाच टेबलाशी बसतात, एकच पुस्तक शिकवितात, म्हणून यांस जास्त व त्यांस कमी असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. आमच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे अंगणवाडी भरते. जी मुले यंदा आमच्या पहिलीत आली, ती गेल्या साली त्या भिंतीपलीकडे होती. तेथे त्यांस बसावयास, बोलावयास, हात धुवावयास शिकविले; त्यांची वजने केली, त्यांस खाऊ घातले. हे काम करणाऱ्या सेविका व मदतनीस साऱ्या बायका. त्यांस जे मिळते त्यास पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. या बायकांस उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ मध्ये सांगावे लागले. गावोगाव औषधे व लसीकरण घेऊन हिंडणाऱ्या आशा ताईंचीही तीच गत. मूल तेच, गाव तेच, मध्ये एक वीटभर भिंत. भिंतीच्या या बाजूस स्त्रीपुरुष मिसळून आहेत म्हणून वेतन. त्या बाजूस नुसत्या बायका आहेत म्हणून मानधन. मालक सरकार असले म्हणून डाव बदलत नाही.

वाचकहो, माणूस कोणत्या पोटी जन्मला यावरून त्याचे काम ठरवावयाचे आणि मग ते काम हलके म्हणून त्या माणसासही हलके लेखावयाचे, हा न्याय आपणांस नवा नाही. तो आपल्या वाडवडिलांनी सोसला. चामडे कमावणारा हलका, दोर वळणारा हलका, मैला उचलणारा तर सावलीलाही नको. आणि त्या कामांवाचून गावाचे पान हलत नव्हते. जातिभेदाने कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लाविली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये उघड करून दाखविले. त्याच्या कितीतरी आधी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यास मुलींची शाळा काढून सांगितले की जन्मावरून बुद्धी ठरत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांस आरसा दाखविला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळावी म्हणून १८९० मध्ये मुंबईत जी सभा भरविली, तीत कामगार बायका उभ्या राहून बोलल्या असे नमूद आहे. हा वारसा आपला आहे. जन्मावरून काम ठरविणारा ब्राह्मण चुकतो आणि जन्मावरून काम ठरविणारा कुणबी मात्र बरोबर, असे कसे होईल? वरच्याने आपणांस दिलेली लाथ आपण घरातल्या बाईपर्यंत पोहोचती करितो, आणि वर समतेच्या सभेस जाऊन टाळ्या वाजवितो.

यावर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप शेतकऱ्याचा: "कांद्याला भाव नाही, सोयाबीन पडेल भावाने जाते, बाईचा रोज कोठून वाढवू?" हे गाऱ्हाणे खोटे नाही. शेतमालाला भाव मिळाला पाहिजे, त्यासाठी भांडले पाहिजे. पण बाजाराने आपणांस लुबाडले ही भरपाई खुरपणीवालीकडून करून घ्यावयाची काय? आणि जरा आपल्याच घरचा हिशेब मांडा. एक-दोन एकरवाल्या घरातील बाई आपल्या शेतात जेवढे दिवस मजूर लावते, त्याहून अधिक दिवस स्वतः दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. वर्षाला १०० दिवस गेली आणि रोजी २०० रुपये कमी मिळाले तर त्या घराचे २०,००० रुपये बुडाले. मुलाची फी, औषधपाणी, बियाण्याची थैली यांत त्यातूनच भागले असते. बाईचा रोज दाबून लहान शेतकरी स्वतःचाच खिसा कापतो. फायदा होतो तो फक्त बड्या बागाइतदाराचा, ज्याच्या घरची बाई कधी रोजाला जात नाही.

दुसरा आक्षेप असा की, बायका स्वतःच ही कामे पत्करितात. त्यांना पोरेबाळे, घरकाम असते. पोरे काय एकट्या बाईची असतात? सकाळी पाणी, सरपण, भाकरी उरकून ती नऊला शेतात येते, आणि उशिरा आली म्हणून रोज कमी. गडी तिच्या हातची भाकर खाऊन वेळेवर येतो, म्हणून त्याचा रोज पुरा. त्याच्या वेळेवर येण्यात तिची पहाट खर्ची पडलेली असते. ती हिशेबात धरणार नसाल, तर निदान ती तिच्याविरुद्ध तरी धरू नका.

तिसरा आक्षेप: हे बदलणे शक्यच नाही. शक्य आहे, महाराष्ट्रानेच ते करून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडावयास गेल्या. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेथे कामाचे माप घेऊन दाम ठरे. माती खणणारा व ती वाहणारी एका टोळीत, एका मापात. बाईचा दर वेगळा, गड्याचा वेगळा असे दोन दर नव्हते. माप घेताना लबाडी झाली, मजुरी उशिरा मिळाली, हे सारे खरे. पण दर एक होता आणि तो एक ठेवल्याने आकाश कोसळले नाही. कांद्याच्या पट्ट्यातही पाहा. जेथे बायकांच्या टोळ्या लागण उक्ती घेतात, तेथे एकराचा भाव ठरतो, बाईचा नव्हे. आणि हात चालविला तर दिवसाची कमाई रोजापेक्षा जास्त पडते. मात्र उक्ते म्हणजे सर्व रोगांवर औषध असेही आम्ही म्हणत नाही. विडीचा दर हजारावर असतो, वळणारा कोणीही असो. पण तो धंदा जवळजवळ बायकांचाच झाल्यामुळे तो दरच खाली बसला आहे. म्हणून नुसता दर एक करून भागणार नाही. कामांमधील भिंतही पाडली पाहिजे.

ती पाडावी कशी? पुढील गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पेरणीपूर्वी गावाची बैठक होते, मजुरीचे दर ठरतात. त्या बैठकीत बायकांस बसवा आणि दर कामाचे लावा: खुरपणीचा इतका, फवारणीचा इतका, लावणीचा इतका. 'बाईचा रोज' व 'गड्याचा रोज' हे शब्द यादीतून काढून टाका. काम जो कोणी करील त्यास तो दर. अवजारे बायकांच्या हाती द्या. पंप, पेरणीयंत्र, ट्रॅक्टर यांत पुरुषाच्या अंगचेच असे काही नाही. बचत गटांच्या बायकांस फवारणीचे ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढली, म्हणजे सरकारलाही हे पटले आहे. गड्यांनीही खुरपे हाती धरावे. पुरुष त्या रांगेत बसला म्हणजे तिचा रोज आपोआप चढेल, आणि काम किती हलके तेही त्यास कळेल. ऊसतोडीत जोडीची मजुरी दोन नावांवर लिहावी व बाईचा वाटा तिच्या खात्यात जावा. अंगणवाडी सेविका व आशा ताई मोर्चाला निघाल्या म्हणजे गावाने त्यांस हसू नये, त्यांच्या मागे उभे राहावे.

आणि एक गोष्ट आम्हां मास्तर लोकांची. कबूल करावयास लाज वाटते, पण सांगतो. आमच्या शाळेत आजवर पटांगण व वर्ग झाडण्याचे काम मुलींकडे आणि घंटा देण्याचे, पाण्याची मोटार चालू करण्याचे काम मुलांकडे होते. हे आम्हीच नेमून दिले होते. म्हणजे ज्या यादीविरुद्ध हा लेख लिहिला, तिचा पहिला धडा आमच्याच शाळेत दिला जात होता. त्या मुलीने प्रश्न विचारल्यावर आम्ही फळ्यावर पाळ्या लाविल्या. आता झाडू मुलांच्याही हाती येतो आणि मोटारीची कळ मुलीही दाबतात. दोन पालकांनी येऊन तक्रार केली की पोराला झाडावयास का लावता. आम्ही त्यांस एवढेच विचारले, "पोरगी झाडत होती तेव्हा आपण का आला नाहीत?" दोघेही काही बोलले नाहीत.

ते उदाहरणही आम्ही आता वर्गात देतो, पण पालटून. काम कोणते ते आधी लिहितो, मजूर किती ते लिहितो. पुरुष की बाई हे लिहीत नाही. गणित तरीही सुटते, मुलांचे काही अडत नाही. येत्या बैठकीत गावाने मजुरीची यादीही तशीच लिहून पाहावी.